रिकाम्या रस्त्यावरची गर्दी

जुन्या मुंबईचा फोटो समोर ठेवला की बघणाऱ्याचं बोट आधी ट्रामवर जातं. मग व्हिक्टोरियावर, मग कोपऱ्यातल्या एखाद्या मोटारीवर. ‘ही बघा घोड्यांची ट्राम’ म्हणून माणसं क्षणभर हरखतात आणि पुढचा फोटो मागतात. जुने फोटो साफ करणं, स्कॅन करणं, त्यांचं साल आणि ठिकाण ठरवून नोंद करणं हे काम मी बरीच वर्षं केलं. संस्था लहान होती. संग्रह बहुतेक देणगीतून आलेला: कुणाच्या आजोबांचा अल्बम, बंद पडलेल्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह, चोरबाजारातून गठ्ठ्यानं उचललेली पोस्टकार्डं. त्यात रस्ते, स्टेशनं आणि गाड्या यांचे फोटो भरपूर. ते पुन्हा पुन्हा भिंगाखाली घेताना मला एक गोष्ट पटत गेली. अशा फोटोत वाहन सगळ्यांत कमी बोलतं. बोलतात ती त्याच्याभोवतीची माणसं. ती कुठे उभी आहेत, कुणाकडे बघताहेत, कुणाला खेटून बसली आहेत, यात शहरातलं आपलं आजचं जगणं अंगवळणी पडताना दिसतं.

ते बघायचं तर आधी रिकाम्या रस्त्यांशी झगडावं लागतं. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता घोडागाड्यांनी आणि माणसांनी वाहणारा. फोटोत मात्र चिटपाखरू नाही. प्लेटवर काही मिनिटं उजेड पडत राहिला आणि तेवढ्या वेळात जे जे हललं ते उमटलंच नाही. एक माणूस तेवढा बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी पाय टेकून थांबला होता, तो उरला. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख होत असतो. मला त्या फोटोत न उमटलेल्या गाड्यांचं जास्त वाटतं. शहरी रहदारीच्या छायाचित्रांची सुरुवात अशी झाली की रहदारी त्यात आलीच नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी नाही. इथे १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पुढच्या काळात रूढ झालेली पद्धत ओल्या कोलोडियनची. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. मुंबईच्या उकाड्यात काच वाळायला किती वेळ लागणार? सगळं दहा-एक मिनिटांत उरकावं लागे, आणि उजेड घ्यायला सेकंद मोजत बसावं लागे. त्यामुळे १८६० च्या दशकातला कोट भागातला रस्ता फोटोत सुनसान दिसतो. ‘काय निवांत होती हो मुंबई!’ हे वाक्य मी अनेक पाहुण्यांकडून ऐकलं आहे. ती निवांत मुळीच नव्हती. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर भरली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पैशामागं माणसांचे लोंढे येत होते. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं. ते वाचावं आणि मग त्याच सुमाराचा फोटो बघावा. शब्दांत जे शहर गजबजलेलं आहे, ते काचेवर ओस पडलेलं आहे.

पूर्ण ओस मात्र नाही. लाइटबॉक्सवर काच ठेवून भिंग लावलं की रस्त्याच्या मधोमध धुरकट पट्टे दिसायला लागतात. ते पट्टे म्हणजे चालून गेलेली माणसं. एखादी गाडी उभी असते, पण तिच्या घोड्याला पाय नसतात, कारण तो पाय झाडत होता. मान हलवणाऱ्या बैलाला दोन डोकी येतात. आरे नसलेलं चाक म्हणजे फिरतं चाक. स्पष्ट उमटलेत ते थांबलेले: दुकानाच्या पायरीवर बसलेला हमाल, भिंतीला टेकलेला पट्टेवाला, गाडीत झोपी गेलेला गाडीवान. म्हणजे या फोटोंनी त्या काळातल्या थांबलेल्या माणसांची नोंद ठेवली आणि धावणाऱ्यांना गाळलं. नवखे सहकारी आले की त्यांना मी पहिलं काम हेच द्यायचे. एका रिकाम्या रस्त्यावरच्या धुरकट पट्ट्या मोजून काढा. एकदा त्या दिसायला लागल्या की पुढं कुठलाही जुना रस्ता रिकामा वाटत नाही.

१८७० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या प्लेट बाजारात आल्या, उजेड घ्यायला सेकंदाचा लहानसा भाग पुरू लागला, आणि फोटोंतले रस्ते भराभर भरत गेले. नेमक्या याच सुमारास मुंबईत ट्राम धावत होती. ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. इतक्या घोड्यांचा दाणा, पाणी, लीद, नाल ठोकणं, आजारी घोडा बदलणं हे सगळं मागं राबणाऱ्या माणसांचं जग फोटोत जवळजवळ येत नाही. रस्त्याच्या कडेचा दगडी हौद आणि त्याभोवतीची ओल एवढीच त्याची खूण. मी नोंदीत हौद असेल तर तो आवर्जून लिहायचे. घोडे गेल्यावर हौद कोरडे पडले, मग कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

साल ठरवण्याची आमची रीत अगदी साधी होती. जे दिसतं आणि जे दिसत नाही, त्या दोन्हींवर बोट ठेवायचं. रस्त्यावर गॅसचे दिवे असतील तर १८६५ नंतरचा. राजाबाई टॉवर पुरा उभा असेल तर १८७८ नंतरचा. काळ्या घोड्याचा पुतळा जागेवर असेल तर १८७९ ते १९६५ मधला. ट्रामच्या वर तारा नसतील आणि पुढं घोडे असतील तर साधारण १९०७ च्या मे महिन्याआधीचा, कारण ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली. दुमजली ट्राम दिसली की १९२० नंतरचा. बस दिसली की १५ जुलै १९२६ नंतरचा. त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. तारांचं मला विशेष वाटायचं. १९०७ च्या आधी आणि नंतर एकाच कोपऱ्यावरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की इमारती त्याच, रस्ता तोच, पण आभाळावर रेघा ओढल्या गेलेल्या. आज आपल्या डोक्यावर केबल लोंबतात त्याकडे आपलं लक्षही जात नाही. त्या सवयीची सुरुवात तिथे आहे.

(ट्राम म्हटलं की मुंबईच आठवते, पण नाशिकलाही १८८९ पासून स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम होती. पुढं बार्शी लाइट रेल्वेमुळे नावाजलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता. त्या ट्राममध्ये बसलेल्या यात्रेकरूंचा एखादा स्वच्छ फोटो कुणा नाशिककराच्या माळ्यावर असेल, तर तो मला अजूनही बघायचा आहे.)

आमच्याकडे अधूनमधून एक निवृत्त गृहस्थ यायचे. तरुणपणी ट्रामवर कंडक्टर होते, ट्राम बंद झाल्यावर बसवर गेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते मला ताई. फोटो वाचायला मी पुस्तकांतून जेवढं शिकले त्याहून जास्त त्यांच्याकडून शिकले. एकदा पायधुणीचा एक फोटो मी त्यांच्यापुढं ठेवला. गाडी येतेय की जातेय ते मला ठरवता येत नव्हतं.

‘ताई, वरचा दांडा बघा,’ ते म्हणाले. ‘तारेला लागलेला दांडा कायम मागं कललेला असतो. गाडी उलट फिरवायची तर शेवटच्या स्टॉपवर दोरीनं तो दांडा फिरवून घ्यावा लागायचा. हिचा दांडा आपल्या विरुद्ध बाजूला आहे, म्हणजे ही आपल्याकडं येतेय.’

मग त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि फुटबोर्डवरच्या एका माणसावर नेलं. एका हातानं दांडी धरलेली, दुसरा हात छातीशी. ‘हा हात बघा. मूठ मिटलेली आहे. त्यात पैसे आहेत. भाडं द्यायचंय, पण कंडक्टर अजून त्याच्यापर्यंत पोचला नाहीये. आमच्या वेळी नये पैसे आले होते, पण मूठ हीच.’

तो फोटो मी अनेकदा पाहिला होता. ट्रामचा प्रकार, मागची इमारत, दुकानाची पाटी, सगळं नोंदलं होतं. मूठ कुणी नोंदत नाही. पण शहरातला प्रवास म्हणजे नक्की काय, हे त्या मुठीत आहे. बंद मुठीत सुटे पैसे तयार ठेवून, ओळख ना पाळख अशा माणसाची वाट बघत, दांडीला लोंबकळत उभं राहणं. आज मूठ उघडी असते आणि त्यात फोन असतो, क्यूआर कोड दाखवायला. उभं राहण्याची तऱ्हा फारशी बदललेली नाही. काकांच्या त्या एका वाक्यानंतर मी नोंदीच्या कार्डावर नवा रकाना काढला: हात.

उलटी निगेटिव्ह हा आणखी एक भाग. काचेची कुठली बाजू वर ठेवून स्कॅन केलं यावर डावं-उजवं ठरतं. पाट्यांवरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. ती नसतील तर वाहनं बघायची. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं जाताना दिसल्या की फोटो उलटा असण्याचा संशय घ्यायचा, कारण आपल्याकडे डावीकडून जायची रीत. बायकांच्या पदरावरून ठरवू असं एका मुलीनं सुचवलं होतं, पण मुंबईत ते चालत नाही. मराठी बाईचा पदर डाव्या खांद्यावर, गुजराती बाईचा उजव्या. एकाच रस्त्यावर दोन्ही. मला यात मौज वाटण्यापेक्षा विचार करायला लावणारं काही सापडलं. कपडा, पागोटं, जोडा, पदर हे घराघराचं वेगळं होतं. डावीकडून चालायचं हा नियम मात्र सगळ्यांना एक. शहरानं सगळ्यांना सारखं असं जे दिलं, त्यातलं पहिलं हे असावं.

घड्याळाचंही तसंच. फोटोत घड्याळाची तबकडी दिसली की मी सावल्यांवरून वेळेचा अंदाज काढायचे आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचे. सावल्यांचा हिशेब ठोकळ असतो, पण मुंबईत त्यालाही एक पेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढं होती. गाडी गाठायची तर गिरगावातल्या माणसाला घरच्या घड्याळात अर्धा तास मनात मिळवावा लागे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून पाहिली, लोकांनी ती धुडकावली आणि दोन वर्षांत हुकूम मागं घ्यावा लागला. १९०६ च्या १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढची. पहाटे ३९ मिनिटं आधी उठायला लागल्यावर गिरण्यांमध्ये संताप उसळला. मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं रेंगाळत राहिली. आज ९.१२ ची लोकल चुकली म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्यामागं हा सगळा झगडा आहे. सूर्यावर चालणाऱ्या माणसाला मिनिटांवर आणलं ते रेल्वेनं. स्टेशनांच्या जुन्या फोटोंत प्रवासी घड्याळाखाली बोचकी टेकून तासन् तास आधी येऊन बसलेले दिसतात. त्यांना आळशी किंवा अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याचं घड्याळ त्याचं नाही, त्यानं लवकर येऊन बसणं हेच शहाणपण.

रांगेचा शोध मी बराच घेतला. घोड्यांच्या ट्रामच्या फोटोंत रांग नाही. माणसं रस्त्यात जिथे असतील तिथून गाडीकडे येतात. बसचे खांब आल्यावर माणसं खांबाभोवती गोळा व्हायला लागतात, आणि एकामागं एक अशी नीट रांग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या फोटोंत दिसते. असा क्रम लावून मी बसले होते, तेव्हा प्लेगच्या काळातले काही फोटो समोर आले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघड झाला आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून निघाली. स्टेशनांवर डॉक्टर आणि शिपाई प्रवाशांना उतरवून तपासत. त्या तपासणीच्या फोटोंत माणसं एका रेषेत उभी आहेत, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, हात अंगालगत. आमच्या संग्रहातली सगळ्यांत जुनी शिस्तशीर रांग ही. तिकिटासाठी लागलेली नव्हे, काखेतली गाठ तपासून घेण्यासाठी लावलेली. रेल्वेनं माणसाला मोकळीक दिली हे खरं. त्याच रेल्वेनं त्याला सरकारच्या हाताच्या टप्प्यात आणून उभंही केलं. करोनाच्या काळात स्टेशनांच्या दारात कपाळाशी तापमापक धरलेले फोटो वर्तमानपत्रांत आले, तेव्हा मला ते नवे वाटले नाहीत.

त्याच १८९६ मध्ये, प्लेगच्या दोन महिने आधी, ७ जुलैला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्रपट मुंबईकरांनी पाहिले. तिकीट एक रुपया. त्यात एक होता स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीचा. हॉटेलपासून थोड्याच अंतरावर खऱ्या गाड्या येत-जात होत्या, त्या बघायला पैसे पडत नव्हते. तरी लोक गेले. मला वाटतं, स्टेशनवर असताना गाडी बघायला कुणाला सवड होती? तिथे पिशव्या, मुलं, चढण्याची घाई. पडद्यावर पहिल्यांदा तीच गाडी बसून बघता आली. जुन्या फोटोचंही काम तेच आहे. रोज ज्यातून धावतो ते थांबून बघायला तो लावतो.

आता बाकांकडे येते. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट बाकावर आहे. उघड्या बाजूंच्या ट्राममध्ये आडवे बाक असत आणि रस्त्यावरून आतली माणसं पूर्ण दिसत. एका बाकावर पुणेरी पगडी, भाटियाचं पागोटं, पारशाची उंच टोपी आणि तुर्की टोपी अशी ओळीनं बसलेली मी पाहिली आहेत. त्या काळात डोक्यावरून माणसाची जात, धर्म, गाव बहुतेक कळायचं. म्हणजे शेजारी कोण बसलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी खांद्याला खांदा लागत होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे की बस, रेल्वे आणि ट्राम येण्यापूर्वी एकमेकांशी अवाक्षर न बोलता एकमेकांकडे बराच वेळ बघत बसण्याची पाळी माणसांवर कधी आली नव्हती. ते बर्लिनबद्दल लिहीत होते. मुंबईत यात आणखी एक पदर आहे.

तो पदर फोटोत दिसत नाही, तो डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. रेल्वेनं त्यांना तिथवर आणलं होतं. पुढं बैलगाडी हवी. जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूनं चालायचं या अटीवर एक जण कबूल झाला. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यानं त्यांचा टांगा हाकायला नकार दिला, न शिकलेल्या माणसाला हाकावा लागला आणि अपघात झाला. तोवर आंबेडकर परदेशांतल्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. बैलगाडीचे, टांग्याचे फोटो आमच्याकडे ढिगानं आहेत, बहुतेक पाहुण्यांना ते फार गोड वाटतात. मी त्यांना हे दोन प्रसंग सांगत असे. ज्या गाडीत हाकणारा आणि बसणारा एकमेकांना ओळखतात, त्या गाडीत नकारही ओळखून दिला जातो. ट्रामच्या कंडक्टरला मिटलेल्या मुठीतले पैसे पाहिजे होते. ट्राममध्ये भेदभाव नव्हता असा अर्थ मी काढत नाही, फोटोवरून तो काढताही येणार नाही. पण कुणी कुणाला ओळखत नाही, या शहराच्या ज्या गुणाला आपण एकटेपणा म्हणून नावं ठेवतो, तो कित्येकांना पहिल्यांदा मिळालेला मोकळा श्वास होता. मला तो बाकांवर दिसतो, आणि म्हणून ट्रामचे फोटो मला टांग्याच्या फोटोंपेक्षा जास्त प्रिय आहेत.

बायका या फोटोंत थोड्या. जुन्या रस्त्यांवर दिसतात त्या बहुतेक ओझं घेतलेल्या: टोपली, हारा, लाकडाची मोळी, काखेत मूल. त्या चालताहेत. भाडं देणं परवडणारं नव्हतं, म्हणून गिरणगावातली बहुतेक कष्टकरी माणसं गिरणीपर्यंत पायीच जात. वाहतुकीचा इतिहास म्हणून जे लिहिलं जातं त्यात चालणाऱ्यांना जागा नसते, फोटोत मात्र तेच सगळ्यांत जास्त आहेत, कडेकडेनं, अनवाणी. मोजून बघायचंच असेल तर ट्रामच्या खिडक्या सोडून फुटपाथ मोजावा. आजही मुंबईत चालणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि रस्त्याच्या आराखड्यात त्यांचा हिस्सा तेवढाच अरुंद आहे.

नावांची उणीव मला सर्वांत जास्त टोचते. जॉन थॉमसन यांनी १८७७-७८ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या कष्टकऱ्यांचे फोटो काढून छापले. त्यात आयुष्यभर घोड्यांची बस हाकलेला एक म्हातारा ड्रायव्हर आहे, लोक त्याला ‘कास्ट-आयर्न बिली’ म्हणत. त्याच्या फोटोसोबत त्याची हकीकत छापलेली आहे, म्हणून आज तो माणूस आपल्याला माहीत आहे. आमच्या संग्रहात ट्रामच्या पुढं उभ्या असलेल्या ड्रायव्हरांचे कितीतरी फोटो आहेत. गणवेश, बिल्ला, मिशा, सगळं स्वच्छ. मागं लिहिलेलं काय? ‘ट्राम, मुंबई’. किंवा साहेब कोण उभा आहे त्याचं नाव. लगाम किंवा हँडल ज्याच्या हातात आहे त्याचं नाव कुठेही नाही. काकांच्या बरोबरीच्या माणसांची नावं आम्ही त्यांच्याकडून लिहून घेतली, तीही जेवढी त्यांना आठवली तेवढी.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. काका त्या रात्री ड्यूटीवर नव्हते, बघायला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, असं त्यांनी सांगितलं. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव आजही चालतं, रूळ डांबराखाली गेले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ खोदताना त्यातले थोडे वर आले, तेव्हा तरुण मुलं वाकून फोटो काढत होती. २०२३ मध्ये जुन्या दुमजली बस बंद झाल्या तेव्हाही तेच. निरोपाचे फोटो आपण उत्साहानं काढतो. रोजच्या मंगळवारचे, खच्चून भरलेल्या बसचे, कंटाळलेल्या माणसांचे फोटो काढत नाही, आणि काढले तरी त्यांवर काही लिहीत नाही. पुढं नोंद करणाऱ्याला हेच लागणार आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुने अल्बम असतील तर त्यातले रस्त्याचे, स्टेशनाचे, गाडीपुढं उभं राहून काढलेले फोटो एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवा. ते सांगतील ते फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर भंगारात देऊ नका, पाण्यानं पुसू नका, एकेक काच कागदी पाकिटात घालून आडवी न रचता उभी ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. फोनमधल्या फोटोंनाही साल, ठिकाण, बसचा नंबर जोडा. आणि ड्रायव्हरचं, कंडक्टरचं, टांगेवाल्याचं नाव कुणाला आठवत असेल, तर ते सगळ्यांत आधी लिहा.